आपल्या गाडीची नियमावली: दरवर्षी उघडा, वाचा, बदला



गटाचं दप्तर कसं ठेवायचं हे आता तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. इतिवृत्त, बचत, कर्ज, पासबुक, सगळं वेळच्या वेळी लिहिलं जातं. पण गेल्या काही वर्षांत आपल्या कामात एक नवी गोष्ट आली आहे आणि तिचं दप्तर मात्र अजून कच्चंच आहे. ती गोष्ट म्हणजे गाडी.

कुठे प्रभागसंघाने मालवाहू पिकअप घेतलाय. कुठे महिलांच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे डाळ मिलचा माल ने-आण करायला छोटा टेम्पो आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. एसटी पोचत नाही अशा गावांसाठी गटातल्या महिलांनी प्रवासी गाडी चालवावी, हा तिचा हेतू. शिवाय आपल्या सीआरपी ताई, कृषी सखी, पशु सखी रोज स्कूटीवरून गावोगाव फिरतात, त्या गाड्याही संघाच्याच कामावर असतात.

गाडी घेताना आपण नियम केले होते. कर्जाच्या कागदांबरोबर दीड-दोन पानांची ‘वाहन वापर नियमावली’ लिहिली, आमसभेत वाचली, ठराव केला, सह्या झाल्या. मग ती फाईल कपाटात गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून तिथेच आहे.

या पाठात आपण एवढंच शिकायचं आहे: ती फाईल बाहेर कधी काढायची, तिच्यात काय तपासायचं आणि बदल कसा करायचा.

हे इतकं महत्त्वाचं का?

कारण गाडीच्या आरसी बुकावर मालक म्हणून संघाचं किंवा कंपनीचं नाव आहे. गाडी चालवतो चालक, हिशोब बघतात लेखापाल ताई, सह्या करतात अध्यक्ष आणि सचिव. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई मालकाला द्यावी लागते. म्हणजे संघाच्या खात्यातून. त्या खात्यात तुमची वर्गणी आहे, भागभांडवल आहे, कर्जाच्या परतफेडीचा पैसा आहे.

अपघातात माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर भरपाई किती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. ती रक्कम काही हजारांत नसते. विमा चालू असेल, चालकाचं लायसन्स बरोबर असेल आणि गाडी ज्या कामासाठी नोंदवली त्याच कामाला वापरली असेल, तर ती रक्कम विमा कंपनी भरते. यातलं एक जरी चुकलं तरी अडचण होते. कधी न्यायालय विमा कंपनीला सांगतं, आधी पीडित कुटुंबाला पैसे द्या आणि मग ते मालकाकडून वसूल करा. म्हणजे फिरून आपल्याच दारात.

म्हणून नियमावली म्हणजे नुसता सरकारी कागद नव्हे. आपल्या बचतीभोवतीचं ते कुंपण आहे. आणि कुंपण दरवर्षी बघावं लागतं, कुठे मोडलंय, कुठून गुरं आत येतील.

नियम जुने का होतात? पाच कारणं

नियम लिहिताना बरोबरच होते. पण भोवतालच्या गोष्टी बदलतात आणि कागद तसाच राहतो. बदलणाऱ्या गोष्टी पाच.

१. माणसं बदलतात

गाडी घेतली तेव्हाच्या अध्यक्ष वेगळ्या, आजच्या वेगळ्या. नियमावलीत जर ‘गाडी बाहेर काढण्याची परवानगी श्रीमती अमुक देतील’ असं नाव लिहिलं असेल, तर त्या पायउतार झाल्यावर परवानगी कोण देणार? म्हणून नियमात नाव नको, पद लिहा.

यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. गाडी नोंदवताना आरटीओकडे एक नंबर दिलेला असतो. आता वाहतूक पोलीस ई-चलान करतात, आणि त्याचा मेसेज त्याच नंबरवर जातो. तो नंबर आधीच्या सचिवांचा किंवा त्यांच्या मुलाचा असेल, तर आपल्याला दंड लागलाय हे कळतच नाही. चलानं साठत जातात आणि एके दिवशी रस्त्यात गाडी अडवल्यावर समजतं. तेव्हा कार्यकारिणी बदलली की बँकेच्या सह्या बदलतो, तसाच आरसीवरचा मोबाइल नंबरही बदलायचा, हा नियमच करून टाका. संघाच्या कार्यालयाचा एक कायमचा नंबर दिला तर उत्तम.

चालकही बदलतो. आपल्याकडे चालक बऱ्याचदा गटातल्याच ताईंचा नवरा, दीर किंवा मुलगा असतो. ओळखीचा माणूस म्हणून आपण लायसन्स बघत नाही. बघायला संकोच वाटतो. पण ‘भाऊ, संघाचा नियम आहे, दरवर्षी सगळ्यांचं बघतो’ असं म्हणता आलं की संकोच राहत नाही. नियमाचा हाही एक उपयोग असतो: कुणा एकीला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

आणि एक. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडीला हात लावायचा नाही. खळ्यावर गाडी मागेपुढे करायला दहावी-बारावीतली पोरं बसतात, ते कौतुकाने बघितलं जातं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जे बदल झाले, त्यांनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. तुमची नियमावली २०१९ च्या आधीची असेल, तर तिच्यात हे असण्याची शक्यता कमीच.

२. गाडीचं काम बदलतं

पिकअप घेतला तेव्हा ठरलं होतं, सोयाबीन आणि तूर गावातून गोदामापर्यंत आणायची. पुढे बियाणं-खतं आली. मग प्रदर्शनाला माल जाऊ लागला. आणि मग कधीतरी आमसभेला जाताना कुणीतरी म्हणतं, ‘गाडी रिकामीच चाललीय, बसा गं मागे.’ वीस-पंचवीस बायका मागे उभ्या राहतात. गाणी म्हणत जातात. काही होत नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मैत्रिणींनो, या पाठातला हा भाग दोनदा वाचा.

मालवाहू गाडीचा विमा मालवाहतुकीचा असतो. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याला १९९४ च्या दुरुस्तीनंतर विम्याचं संरक्षण आहे. पण मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला आहे. म्हणजे आमसभेला निघालेल्या आपल्याच बायकांची गाडी उलटली, तर जखमीही आपल्याच आणि भरपाईचा बोजाही आपल्याच संघावर.

‘मग आम्ही सभेला यायचं कसं?’ हा प्रश्न खरा आहे. दुपारनंतर एसटी नाही, रिक्षावाला परवडत नाही. म्हणूनच नुसतं ‘माणसं बसवू नयेत’ असं लिहून भागत नाही. तो नियम कुणी पाळणार नाही. सोबत उपायही लिहावा लागतो. उदाहरणार्थ: आमसभा आणि मोठ्या प्रशिक्षणासाठी प्रवासी परवाना असलेली गाडी भाड्याने घ्यावी, त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात आधीच धरावा, आणि सभेची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवावी. पिकअपच्या केबिनमध्ये आरसीवर जेवढी आसनं लिहिली आहेत, तेवढीच माणसं बसतील.

प्रवासी गाडी असेल तर उलट बाजूने तपासा. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो. भाडं घेणार असाल तर गाडी पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे व्यावसायिक नोंदणीची, हवी.

३. कायदा बदलतो

हा भाग अवघड वाटतो, पण लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत.

*लायसन्स.* पूर्वी व्यावसायिक गाडी चालवायच्या लायसन्सची मुदत तीन वर्षं होती, आता पाच वर्षं आहे. बऱ्याच नियमावल्यांत ‘चालकाकडे ट्रान्सपोर्टची वेगळी नोंद असलेलं लायसन्स हवं’ असं कलम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची व्यावसायिक गाडीही चालवू शकते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. आपले पिकअप आणि छोटे टेम्पो या वजनात बसतात. याचा फायदा कोणाला? आपल्याच गटातल्या त्या मुलींना आणि ताईंना, ज्यांच्याकडे कारचं लायसन्स आहे पण जुन्या कलमामुळे पिकअपचं स्टिअरिंग हातात मिळत नव्हतं. ते कलम आता बदलायला हवं. ई-रिक्षाचे नियम वेगळे आहेत, आणि प्रवासी रिक्षा-टॅक्सीच्या बॅजचा विषयही वेगळा आहे, ती चौकशी आरटीओत करून मगच लिहा.

*नंबरप्लेट.* १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच मिळते. त्याआधी नोंदवलेल्या जुन्या गाड्यांनाही ती लावणं महाराष्ट्रात बंधनकारक केलं आहे. संघाची गाडी जुनी असेल तर प्लेट बसवली का, पावती कुठे आहे, बघा.

*कागदपत्रं.* डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागद आता पोलिसांना चालतात. तेव्हा ‘मूळ कागद नेहमी गाडीत ठेवावेत’ हे जुनं कलम असेल तर बदला. मूळ कागद कार्यालयाच्या कपाटात, गाडीत छायाप्रत आणि चालकाच्या मोबाइलमध्ये ॲप. मूळ कागद पावसात भिजल्यावर किंवा गाडीबरोबर चोरीला गेल्यावर नवीन काढायला किती हेलपाटे घालावे लागतात, ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

*अपघातानंतरचे उपचार.* रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची रोखविरहित उपचार योजना मे २०२५ पासून लागू झाली. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यात आहे. हे चालकाला माहीत हवं, म्हणून ते नियमावलीत हवं.

४. भाव बदलतात

गाडी घेतली तेव्हा आपण गटांसाठी किलोमीटरमागे भाडं ठरवलं. त्यानंतर डिझेल वाढलं, टायर वाढले, विम्याचा हप्ता वाढला, चालकाचं मानधन वाढलं. भाडं मात्र तेच. कारण भाडं वाढवायचा विषय काढला की वाद होतो, आणि वाद नको म्हणून घोंगडं भिजत पडतं.

वाद टाळायचा उपाय म्हणजे गणित सगळ्यांसमोर फळ्यावर मांडणं. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले टाका.

समजा, गाडी वर्षाला १८,००० किलोमीटर चालते.

- विमा, फिटनेस, कर: २४,००० रुपये
- टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, दुरुस्ती: ३६,००० रुपये
- चालकाचं मानधन: १,२०,००० रुपये
- एकूण: १,८०,००० रुपये

१,८०,००० ला १८,००० ने भागलं की आले किलोमीटरमागे १० रुपये. आता डिझेल. एका लिटरला ९१ रुपये आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते, तर किलोमीटरमागे साडेसहा रुपये. दोन्ही मिळून साडेसोळा रुपये.

नियमावलीत भाडं जर १३ रुपये लिहिलं असेल, तर प्रत्येक किलोमीटरला साडेतीन रुपये संघ पदरचे घालतोय. वर्षाचे झाले ६३,००० रुपये. आणि यात कर्जाचा हप्ता धरलेलाच नाही, की पुढे गाडी जुनी झाल्यावर नवी घ्यायला बाजूला टाकायचे पैसेही नाहीत.

म्हणून नियमात ठरावीक रक्कम लिहून ठेवू नका. असं लिहा: ‘भाडं दर सहा महिन्यांनी हिशोब करून कार्यकारिणी ठरवेल आणि नवा दर फलकावर लावला जाईल.’ म्हणजे दर बदलायला दरवेळी नियमावली बदलावी लागणार नाही.

स्कूटीवरून फिरणाऱ्या ताईंच्या प्रवास भत्त्यालाही हेच गणित लावा. त्या स्वतःची गाडी संघाच्या कामाला झिजवतात. हेल्मेट, चालू विमा आणि लायसन्स या अटी त्यांनाही लागू, पण भत्ताही आजच्या पेट्रोलच्या भावाने.

५. गाडी स्वतःच बदलते

गाडी म्हातारी होते. व्यावसायिक गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी काढावं लागतं. ‘दोन वर्षांनी फिटनेस’ एवढंच डोक्यात असेल, तर आठव्या वर्षानंतर चूक ठरलेली. पीयूसीचंही तसंच. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, पुढे बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाने, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी.

संघाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तर आणखी वेगळे प्रश्न: चार्जिंग कुठे, विजेचं बिल कोणाच्या मीटरवर, रात्री गाडी कोणाच्या अंगणात? चालकाच्या घरी चार्जिंग होत असेल तर त्याचे युनिट मोजून पैसे द्यायला हवेत, नाहीतर सहा महिन्यांत कुरबुर सुरू होते.

नाजूक कलमं: इथे स्पष्ट लिहा

काही गोष्टी आपण तोंडी ठेवतो, कारण लिहायला अवघड वाटतं. पण भांडणं तिथेच होतात.

*घरगुती वापर.* पदाधिकाऱ्यांच्या घरचं लग्न, घरभरणी, देवदर्शन. गाडी द्यायची की नाही? माझं म्हणणं असं, की मालवाहू गाडीत लग्नाचं सामान न्यायचं असेल तर संघाच्या भाड्यानेच द्यावी, पावती फाडून द्यावी, आणि अध्यक्षांपासून साध्या सभासदापर्यंत दर एकच असावा. ज्या दिवशी एकीला फुकट मिळते, त्या दिवसापासून नियम संपला.

*रात्रीची अडचण.* कुणाला साप चावला, कुणाचं पोट अडलं, तर नियम काय सांगतो? आधी १०८ ला फोन, गरोदर आणि बाळंतीण ताईंसाठी १०२. रुग्णवाहिका येत नसेल तर गाडी केबिनमधून रुग्ण आणि सोबत एक माणूस नेईल, परवानगी फोनवर घेतली तरी चालेल, नोंद दुसऱ्या दिवशी करायची. माणसाच्या जिवापुढे नियम आडवा यायला नको, पण तसं नियमातच लिहिलेलं असावं, म्हणजे चालक रात्री दोन वाजता परवानगीसाठी ताटकळत बसणार नाही.

*दारू.* पिऊन गाडी चालवली तर काय? ‘समज दिली जाईल’ हे पुरेसं नाही. माझ्या मते इथे एकच संधी असावी, आणि तीही गाडी सुरू होण्याआधी: प्यायलाय असं वाटलं तर चावी परत घ्यायचा अधिकार त्या दिवशी माल भरणाऱ्या कोणत्याही सभासदाला द्या. चालवताना सापडला तर काम बंद.

*दंड कोणी भरायचा?* कागद संपल्यामुळे झालेला दंड संघाचा, कारण कागद बघणं संघाचं काम. वेग, मोबाइल, सीटबेल्ट यांचा दंड चालकाचा. एवढी एक ओळ असली की दरवेळचा वाद मिटतो.

*अपघात झाला तर.* क्रम लिहून ठेवा. जखमींना मदत, १०८ किंवा ११२ ला फोन. पोलिसांना लगेच कळवणं. संघाच्या सचिवांना फोन. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं. जागेवर पैसे देऊन मिटवामिटवी करायची नाही आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून गाडीत समोर चिकटवा.

नियमावली ताजी ठेवायची रीत

आता प्रत्यक्ष काम. पायऱ्या सहा.

पहिली: तीन जणींची वाहन उपसमिती करा. त्यांतली एक लेखापाल किंवा हिशोब कळणारी, एक गाडीचा वापर सर्वांत जास्त करणाऱ्या गावातली, आणि एक कार्यकारिणीतली. चालकाच्या घरची व्यक्ती या समितीत नको.

दुसरी: तारीख ठरवा. वार्षिक आमसभेच्या महिनाभर आधी नियमावलीचं वाचन, दरवर्षी. त्याशिवाय चालक बदलला, गाडी बदलली, नवं काम सुरू झालं, पदाधिकारी बदलले किंवा अपघात झाला, तर पंधरा दिवसांच्या आत वाचन. आमसभेची वाट बघायची नाही.

तिसरी: मोठ्याने वाचा. एक-एक कलम वाचायचं आणि समोर तीनपैकी एक शेरा लिहायचा: ठेवा, बदला, काढा. चालकाला समोर बसवा. कोणता नियम रस्त्यावर चालत नाही, हे त्यालाच माहीत असतं. लॉगबुकही शेजारी ठेवा. नियमात लिहिलंय ‘प्रत्येक फेरीची नोंद’ आणि लॉगबुक तीन महिने कोरं असेल, तर नियम बदलण्याआधी सवय बदलायची आहे.

चौथी: आरटीओ किंवा विमा कंपनीकडून खात्री करा. दंडाच्या रकमा आणि मुदती बदलत राहतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवरून कलम लिहू नका. विमा पॉलिसीच्या कागदावर ‘वापराची मर्यादा’ आणि ‘चालक कोण’ हे दोन मुद्दे छापलेले असतात, ते एखाद्या शिकलेल्या मुलीकडून मराठीत समजून घ्या.

पाचवी: ठराव करा. नवी प्रत काढा. वर लिहा, ‘सुधारणा क्रमांक अमुक, दिनांक अमुक, आधीची प्रत रद्द’. जुनी प्रत फाडू नका, फाईलला लावा, पण तिच्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा. एकाच संघात दोन गावांकडे दोन वेगळ्या प्रती असल्या की प्रत्येक जण आपल्या सोयीची प्रत दाखवतो.

सहावी: पोचवा. चालकाला वाचून दाखवून त्याची सही घ्या. प्रत्येक ग्रामसंघाला एक प्रत. बदललेली दोन-तीन कलमं गटाच्या बैठकीत तोंडी सांगा. ज्या बदलाची बातमी गावात पोचली नाही, तो बदल झालाच नाही असं समजा.

भिंतीवरचा तक्ता

कार्यालयात एक पुठ्ठा लावा. प्रत्येक गाडीसाठी एक रांग, आणि रकाने असे: विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट लागू असेल तर, कर, चालकाच्या लायसन्सची मुदत, शेवटची सर्व्हिसिंग. प्रत्येक रकान्यात तारीख. मुदत संपण्याआधी महिनाभर तिच्याभोवती लाल गोल करायचा. मासिक बैठकीत कर्जवसुलीचा विषय झाला की लगेच हा तक्ता वाचायचा, दोन मिनिटं लागतात. विम्याची मुदत एक दिवस जरी चुकली, तरी त्या एका दिवसाचा धोका संपूर्ण संघाचा.

गटात बसून सोडवा

पुढच्या बैठकीत हे प्रश्न घ्या. उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर तेही लिहून ठेवा.

१. आपल्या संघाच्या किंवा कंपनीच्या गाडीची नियमावली शेवटची कधी बदलली? तारीख सांगा.
२. आरसीवर नोंदवलेला मोबाइल नंबर आज कोणाकडे आहे?
३. विमा कोणत्या तारखेला संपतो?
४. गेल्या वर्षभरात मालवाहू गाडीत माणसं किती वेळा बसली? पुढच्या वेळी त्याऐवजी काय करता येईल?
५. आजच्या डिझेलच्या भावाने किलोमीटरचा खर्च काढा. आपलं भाडं त्याहून कमी आहे का?
६. आपल्या गटात एलएमव्ही लायसन्स असलेल्या किंवा काढायला तयार असलेल्या किती जणी आहेत?
७. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर गाडीची परवानगी कोण देईल?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं एका बैठकीत मिळाली नाहीत, तर समजा की तुमच्या संघाला उपसमिती याच महिन्यात लागणार आहे. ठराव लिहायला अडचण आली तर तुमच्या प्रभागाच्या समन्वयकाला बैठकीची तारीख कळवा, आम्ही येऊन सोबत बसू. येताना आरसी, विम्याची पॉलिसी, लॉगबुक आणि ती कपाटातली फाईल तेवढी काढून ठेवा.